आडवळणाची गाडी आणि आईचे माहेर



या सदरातून आम्ही कधी मुलांच्या अभ्यासाविषयी लिहितो, कधी घरखर्चाविषयी, कधी म्हाताऱ्या माणसांच्या आजारपणाविषयी. आज मात्र प्रवासाविषयी लिहिणार आहोत. प्रवास म्हटला की आपल्या घरांत लगेच उत्तर तयार असते : "ते पैसेवाल्यांचे काम. आपण कुठे फिरायला जातो?" आपण जातो ते लग्नाला, मयताला, दवाखान्यात, नाहीतर १४ ऑक्टोबरला नागपूरला आणि ६ डिसेंबरला मुंबईला. नुसते खिडकीतून बाहेर बघण्यासाठी गाडीत बसणे हे आपल्याला पटत नाही. आम्हालाही पटत नव्हते. पण गेल्या हिवाळ्यात आमच्या आईमुळे आम्ही असा एक प्रवास केला, आणि तेव्हापासून मनात घोळत असलेली एक गोष्ट तुमच्यापुढे मांडावीशी वाटते.

आमच्या आईचे वय अठ्ठ्याहत्तर. तिचे माहेर भंडारा जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, पवनी तालुक्यात, भुयार स्टेशनाजवळच्या एका लहानशा खेड्यात. आम्ही राहतो जवाहरनगरला. नकाशात पाहिले तर दोन्ही गावे एकाच जिल्ह्यात. पण आईला मोटार सोसत नाही. एस.टी.त बसली की अर्ध्या तासात तिला मळमळते, आणि दोन दिवस ती अंथरुणातून उठत नाही. म्हणून आयुष्यभर ती माहेरी गेली ती रेल्वेनेच. नागपूरहून नागभीडला जाणारी छोटी गाडी तिला थेट भुयारला उतरवून देत असे.

ही छोटी गाडी आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल. तिच्या दोन रुळांमधले अंतर फक्त अडीच फूट. आज आपण पाहतो त्या मोठ्या गाडीचे अंतर साडेपाच फूट असते. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात त्या वेळच्या बंगाल नागपूर रेल्वेने हा मार्ग घातला. अरुंद रूळ घातले की जमीन कमी लागते, पूल लहान चालतात, वळणे आखूड घेता येतात आणि खर्च वाचतो. जंगलातून लाकूड, बांबू आणि धान बाहेर काढायचे होते, म्हणून सरकारला अशी स्वस्त रेल्वे सोयीची होती. आपल्या लोकांच्या सुखासाठी ती घातली नव्हती. पण एकदा गाडी सुरू झाल्यावर आपल्या लोकांनी ती आपली करून घेतली. कुही, उमरेड, भिवापूर, पवनी रोड, भुयार करीत सुमारे १०६ किलोमीटरचा रस्ता ती रमतगमत कापायची. आधी कोळशाचे इंजिन होते, पुढे डिझेलचे आले. भिवापूरला मिरचीची पोती चढायची आणि डब्यात सगळ्यांना शिंका यायच्या. (त्याच भिवापुरी मिरचीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले.) मोहफुलांच्या दिवसांत टोपल्या चढायच्या, आणि आई म्हणते, वासावरूनच कळायचे की माहेर आले.

नोव्हेंबर २०१९ मध्ये ही गाडी बंद झाली. मार्ग ब्रॉडगेज करण्याचे काम महारेलने हाती घेतले. कारण समजण्यासारखे आहे. गोंदिया ते चांदाफोर्ट हा मोठा मार्ग १९९० च्या दशकात ब्रॉडगेज झाला, आणि नागपूर-नागभीड तेवढा तुकडा अरुंदच राहिला. त्यामुळे नागभीडला प्रत्येक पोते एका गाडीतून उतरवून दुसऱ्या गाडीत भरावे लागायचे. नागपूर-छिंदवाडा ही अशीच छोटी गाडी २०१५ मध्ये थांबली. रुंद रुळांना आमचा विरोध नाही. पण रूळ रुंद होईपर्यंतच्या वर्षांत म्हाताऱ्या माणसांचे वय थांबत नाही, हे कोणी हिशेबात धरत नाही.

आईचा थोरला भाऊ, म्हणजे आमचा मामा, अंथरुणाला खिळला आहे असा निरोप आला. आई कुणाशी बोलेना. जेवायला बसायची आणि ताट सरकवून द्यायची. एक दिवस ती म्हणाली, "बाबू, मले एकदा दादाले पाहू दे. मोटारीनं मेली तरी चालन."

तेव्हा आमच्या मुलीने शाळेचा नकाशा काढला. तिने बोटाने दाखवले : भंडारा रोडहून गोंदिया, गोंदियाहून खाली नागभीड, तिथून भुयार काही फार नाही. "बाबा, वळसा आहे, पण आजीला मोटारीत थोडेच बसावे लागेल." आम्ही इतकी वर्षे या जिल्ह्यात राहतो, पण हे आमच्या डोक्यात आले नव्हते. पोरीने शिकून केले काय असे कोणी विचारले तर आता आम्ही हेच उत्तर देतो.

सुट्टी टाकली. आदल्या रात्री मुलांच्या आईने तांदळाच्या भाकरी, वांग्याचे भरीत आणि लाखोळीच्या डाळीचे वडे बांधून घेतले. पहाटे ठाणा पेट्रोल पंपावरून ऑटोने भंडारा, तिथून वरठी. भंडारा रोड हे स्टेशन वरठीला आहे हे बाहेरच्या माणसाला सांगावे लागते. एवढ्या ऑटोच्या प्रवासातही आईने पदर तोंडाला लावला होता. फलाटावर पाय ठेवला आणि पदर खाली आला.

हावड्याला जाणाऱ्या या लोहमार्गाचाही इतिहास आहे. १८८० च्या सुमारास नागपूर-छत्तीसगढ रेल्वे या नावाने इथून पहिली गाडी गेली, तीसुद्धा मीटरगेजवर. १८८७ मध्ये बंगाल नागपूर रेल्वे कंपनी निघाली आणि तिने तो मार्ग रुंद केला. म्हणजे वरठीच्या लोकांनीही एकदा रूळ बदलताना पाहिले आहेत.

कोका मागे पडले, तुमसर रोड आले. इथून तिरोडीकडे फाटा जातो, मँगनीजच्या खाणींकडे. पुढे वैनगंगेचा पूल लागला. आईने हात जोडले नाहीत, पण खिडकीच्या गजाला धरून ती उभी राहिली. म्हणाली, "हेच पानी पुढे पवनीले जाते." मुंडीकोटा, तिरोडा, गंगाझरी करीत गोंदिया आले. इथे गाडी बदलायची. फलाटावर दोन तास बसावे लागले. शिदोरी सोडली. शेजारच्या कुटुंबाला वडे दिले, त्यांनी आम्हाला पेरू दिले. पॅसेंजरच्या प्रवासात ओळख व्हायला नाव-गाव विचारावे लागत नाही.

वाचकहो, गोंदियाहून बल्लारशाहकडे जाणारा मार्ग ज्यांनी पाहिला नसेल त्यांनी एकदा जरूर पाहावा. त्यासाठी आगाऊ आरक्षण लागत नाही, काचेच्या छताचा डबा लागत नाही. साधे तिकीट आणि खिडकी एवढे पुरे.

गोंदिया सोडले की बांध्या सुरू होतात. धान कापून झाले होते. काही बांध्यांत पुंजणे रचलेले, काहींत मळणी चाललेली. पण जमीन रिकामी नव्हती. धान उभे असतानाच त्यात लाखोळी टाकतात, ओलीवर ती उगवते आणि धान निघाल्यावर शेत पुन्हा हिरवे दिसते. मुलाने विचारले, "नांगरल्याशिवाय पीक कसे येते?" आजीने त्याला समजावून सांगितले. शहरातल्या शाळेत हे कोण सांगणार?

मग तलाव. भंडारा आणि गोंदिया जिल्ह्यांना तलावांचे जिल्हे म्हणतात ते उगाच नाही. मालगुजारीच्या काळापासूनचे हे तलाव, लोक त्यांना मामा तलाव म्हणतात. कोहळी समाजाच्या माणसांनी पाण्याचा उतार नुसत्या डोळ्यांनी ओळखून बांध घातले, आणि त्यावर आजही धान पिकते. हिवाळ्यात दूर देशांचे बदक इथे उतरतात. महाराष्ट्रात सारस पक्षी जे थोडे उरले आहेत ते मुख्यतः गोंदिया जिल्ह्यातच. आम्हाला सारस दिसला नाही, खोटे कशाला लिहावे. पण प्रत्येक तलाव आला की दोन्ही मुले खिडकीला नाक लावून बसत होती.

सौंदड गेले आणि जंगल जवळ आले. साग, ऐन, मोह, तेंदू. पळसाला अजून फुले नव्हती. एका लहान स्टेशनात गाडी बराच वेळ थांबली. रूळ एकच, म्हणून समोरून येणाऱ्या गाडीला वाट द्यावी लागते. डब्यातले लोक कंटाळले नाहीत. कोणी खाली उतरून हातपाय मोकळे केले, एका बाईने बोरे विकायला आणली. एप्रिल २०२५ मध्ये गोंदिया ते बल्लारशाह या २४० किलोमीटरच्या दुहेरीकरणाला केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजुरी दिली आहे. गाड्या वाढतील, वेळ वाचेल, चांगलेच आहे. पण याच मार्गावर चंद्रपूर जिल्ह्यात चिचपल्लीच्या जंगलात नोव्हेंबर २०१८ मध्ये वाघाचे तीन बछडे गाडीखाली सापडून मेले होते. जंगलातून दुसरा रूळ टाकताना जनावरांच्या वाटेचाही विचार झाला पाहिजे.

अर्जुनीला काही तिबेटी बाया चढल्या. मुलांना नवल वाटले. आम्ही सांगितले की जवळच गोठणगावच्या बाजूला १९७२ पासून तिबेटी निर्वासितांची वसाहत आहे, नोरग्येलिंग तिचे नाव. आपला देश सोडून आलेली ही बौद्ध माणसे या झाडीपट्टीत घर करून राहिली. आईने एकीच्या हातातली जपमाळ पाहून दोन्ही हात जोडले. तिनेही जोडले. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती, तरी वडसा येईपर्यंत दोघींचे बरेच बोलणे झाले.

वडसा म्हणजे गडचिरोली जिल्ह्याचे रेल्वे स्टेशन. वडसा आणि ब्रह्मपुरीच्या मध्ये पुन्हा वैनगंगा लागते. सकाळी पाहिलेल्या नदीला आम्ही दुपारी दुसऱ्यांदा भेटलो. मधल्या वळणावर पवनी राहून गेली होती. आईने हिशेब केला : "म्हणजे आपुन माहेराले फेरा घालून आलो."

नागभीडला उतरलो. इथेच छोटी गाडी येऊन थांबायची. आता भुयारपर्यंत ऑटो. आईला पुढे ऑटोवाल्याच्या शेजारी बसवले, वारा लागेल म्हणून. वाटेत जुना रेल्वेमार्ग दिसला. रूळ उचललेले होते, मोठ्या गाडीसाठी मुरमाचा भराव टाकलेला होता. आई म्हणाली, "थांबव रे." ती उतरली. भरावाच्या कडेला दोन मिनिटे उभी राहिली. मग तिने जे सांगितले ते आम्ही आयुष्यात पहिल्यांदा ऐकले.

१९५६ साली ती आठ-नऊ वर्षांची होती. गावातली माणसे नागपूरला निघाली होती. कोणी बैलगाडीने, कोणी पायी. आजोबांनी दोन्ही लेकरांना छोट्या गाडीत बसवले. डब्यात पाय ठेवायला जागा नव्हती. थोरल्या भावाने तिला खांद्यावर घेतले आणि नागपूरपर्यंत खाली ठेवले नाही. नागपूरला उतरून सगळे पायी गेले. आईच्या आईजवळ पांढरे लुगडे नव्हते, म्हणून धुऊन धुऊन रंग गेलेले एक लुगडे ती नेसली होती. १४ ऑक्टोबरला त्या मैदानावर काय काय झाले ते आईला फारसे आठवत नाही. एवढी माणसे आणि एवढी शांतता, एवढेच आठवते. आणि दादाचा खांदा आठवतो.

ज्या भावाला पाहायला ती निघाली होती, तो हाच. आता तुम्हाला कळेल की मोटारीने मरण आले तरी चालेल असे ती का म्हणाली.

मामा खाटेवर होते. त्यांना नीट दिसत नाही. आईने हात हातात घेतला तेव्हा त्यांनी ओळखले. पहिला प्रश्न विचारला, "कायनं आलीस?"

"रेल्वेनं."

मामा हसले. "रेल्वे तर मेली."

"मी नाही मेली ना," आई म्हणाली. आणि दोघेही म्हातारी माणसे लहान पोरांसारखी हसायला लागली, मग रडायला लागली. आम्ही मुलांना घेऊन अंगणात आलो.

दुसऱ्या दिवशी आई भावाजवळ बसली आणि आम्ही मुलांना पवनीला नेले. पवनी रोड नावाचे स्टेशन पवनीपासून बरेच दूर होते, पण नाव तेच. पवनीला जगन्नाथ टेकडीवर १९६९-७० मध्ये भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण आणि नागपूर विद्यापीठ यांनी उत्खनन केले. टेकडीच्या पोटात दोन हजार वर्षांहून जुना स्तूप निघाला. ब्राह्मी लिपीतले दानलेख निघाले, मुचलिंद नागाचे शिल्प कोरलेला स्तंभ निघाला. बुद्धांवर पाऊस पडू नये म्हणून ज्याने फणा धरला तो हा नाग. वैनगंगेच्या काठी, आज ज्याला लोक आडवळणाचा मुलूख म्हणतात तिथे, त्या काळी मोठे नगर होते, व्यापारी होते, भिक्खू होते. ज्या साध्या माणसांनी दगडासाठी दान दिले त्यांची नावे दगडावर आहेत.

मुलाने विचारले, "बाबा, मग हे गाव आडवळणाचे कधी झाले?"

याचे उत्तर आम्हाला लगेच देता आले नाही. परतीच्या गाडीत विचार करताना सुचले ते इथे लिहितो. कोणतेही गाव जन्मतः आडवळणाचे नसते. तिथे जाणारी वाट बंद झाली की ते आडवळणाचे होते. शहरातून पाहणाऱ्याला भुयार दूर आहे. आमच्या आईला ते जगाच्या मधोमध आहे. गाडी प्रत्येक लहान स्टेशनावर थांबते तेव्हा ती त्या गावाला सांगत असते की तूही नकाशात आहेस. थांबा गेला की गाव नकाशातून पुसले जाते, आणि तिथली म्हातारी माणसे आपल्या माणसांपासून तुटतात.

म्हणून, माता-भगिनींनो आणि बांधवांनो, आमचे सांगणे एवढेच आहे. आपल्या घरच्या म्हाताऱ्यांना एकदा विचारा, तुम्हाला कुठे जायचे आहे? आणि शक्य असेल तर पॅसेंजरने न्या. कोरोनाच्या काळात, २०२० पासून, पॅसेंजरला एक्स्प्रेसचे भाडे लावले होते, कमीत कमी तिकीट ३० रुपयांचे झाले होते. फेब्रुवारी २०२४ मध्ये जुने भाडे परत आले, आणि कमीत कमी तिकीट पुन्हा १० रुपये झाले. पाच ते बारा वर्षांच्या मुलांना अर्धे तिकीट असते. कामगाराच्या घराला हा प्रवास परवडतो.

मात्र तिकीट काढूनच बसा. एखाद्या स्टेशनावर किती तिकिटे विकली जातात हे रेल्वे पाहत असते, आणि थांबा ठेवायचा की काढायचा हे त्यावरही ठरते. बिनतिकीट जाणारा माणूस आपल्याच गावाचा थांबा कमी करतो. गाडीची वेळ आदल्या दिवशी स्टेशनावर विचारून घ्या, कारण वेळा बदलतात. घरचे पाणी आणि शिदोरी घ्या. मुलांना दारात उभे राहू देऊ नका. प्लास्टिकच्या पिशव्या खिडकीतून जंगलात टाकू नका. म्हाताऱ्या माणसाला खिडकीजवळ बसवा, आणि वाटेत त्यांना बोलू द्या. आम्ही आईबरोबर इतकी वर्षे एका घरात राहिलो, पण खांद्यावरून नागपूरला गेल्याची गोष्ट ती घरात कधी बोलली नव्हती.

ज्यांना नागपूरला जाणे होते त्यांनी मुलांना मोतीबागचे नॅरोगेज रेल्वे संग्रहालयही दाखवावे. १४ डिसेंबर २००२ रोजी ते सुरू झाले. छोट्या गाडीची इंजिने आणि डबे तिथे जपून ठेवले आहेत. आजी-आजोबा कशात बसून माहेरी जात होते ते मुलांना हात लावून पाहता येईल.

आणि नागपूर-नागभीडच्या नव्या मार्गाविषयी गावागावांतून एक मागणी सतत झाली पाहिजे : मोठ्या गाड्या जरूर धावोत, पण जुन्या लहान स्टेशनांवर थांबणारी एक तरी पॅसेंजर असावी. ग्रामपंचायतीचे ठराव करा, अर्ज लिहा, सह्या करा. लिहिता येणाऱ्या पोरींना पुढे करा. नकाशा त्यांना चांगला वाचता येतो.

आई आता नीट जेवते. मामा अजून आहेत. नवी गाडी भुयारला थांबेल त्या दिवशी पहिले तिकीट आपणच काढणार असे तिने जाहीर करून ठेवले आहे, आणि त्यासाठी पदराच्या गाठीत पैसेही बांधून ठेवले आहेत.

तुमच्या घरातल्या अशा प्रवासाच्या आठवणी असतील तर आम्हाला जरूर कळवा. पुढच्या अंकात भेटूच.

जयभीम.